भाग १७ : मधमाशीचा पराग, चमचाभर खावा का?

मागच्या भागात आपण मधाच्या भेसळीबद्दल बोललो. त्याखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न मधाचा नव्हताच. तो होता, "ताई, ते पिवळे दाणे मिळतात ते काय असतं? बी पोलन म्हणतात ते. खावं का?" एकाने तर बाटलीचा फोटो पाठवून विचारलं होतं, "आईच्या गुडघ्यांना चालेल का?" म्हणून आजचा भाग त्या दाण्यांवर.

मला हा विषय जरा जवळून बोलायचा आहे, कारण आमच्या घरात या दाण्यांवरून एकदा रात्री धावपळ झाली आहे. ते पुढे सांगते. आधी दुकानात जाऊ.

तुम्हाला माहीत आहे, मी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधून बोलते. आमचं घर साहुकारपेटेत, मिंट स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत. माझे वडील खानापूर तालुक्यातून इथे गलाईच्या कामाला आले आणि इथलेच झाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात सांगलीकडची माणसं भारतभर पसरली, त्यातलंच आमचं एक घर. मी फार्मसी शिकले आणि बावीस वर्षं औषधाच्या काउंटरवर उभी आहे. आमच्या भागात एकीकडे माझ्यासारखी औषधाची दुकानं, दुसरीकडे काष्ठौषधीची. इथे त्यांना नाट्टु मरुंदु कडै म्हणतात. रासप्पा चेट्टी रस्त्याला तुम्ही कधी आलात तर पोती, बरण्या, वाळक्या मुळ्यांचा वास आणि वरून लोंबणारी पाकिटं बघत तासभर सहज जाईल. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत ही पारदर्शक बरणी येऊन बसली आहे. पिवळे, केशरी, तपकिरी, मधेच एखादा हिरवट, असे बाजरीएवढे दाणे.

बरणीवर तमिळमध्ये लिहिलेलं असतं, तेनी मगरंदम्. इथे आपल्या मराठी लोकांची हमखास गडबड होते. आपल्याकडे मकरंद म्हणजे फुलातला गोड रस. संस्कृतातही तोच अर्थ. तमिळमध्ये मात्र मगरंदम् म्हणजे पराग, फुलातली ती पिवळी भुकटी. माझ्या एका काकूंनी "फुलांचा मध सुकवून दाणे केलेत" अशी समजूत करून घेऊन सहा महिने ते दुधात घातले. तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू. हा मध नव्हे, मधाची साखर नव्हे, मेणही नव्हे. हा पराग आहे. मराठीत साधं नाव, मधमाशीने गोळा केलेला पराग.

दाणा कसा होतो

फुलातला पराग कोरडा, भुकटीसारखा. माशी फुलावर लोळते तेव्हा तो तिच्या अंगावरच्या केसांना चिकटतो. मग ती पायांनी अंग झाडते, पोटात आणलेला थोडा मध किंवा मकरंद त्याला लावते आणि ओलसर गोळी करून मागच्या पायांवर बसवते. मागच्या पायावर बाहेरच्या बाजूला एक खोलगट जागा असते, तिच्याभोवती केसांचं कुंपण. मराठी पुस्तकांत तिला परागटोपली म्हणतात. दोन पायांवर दोन गोळ्या घेऊन ती घरी येते.

मधपाळ काय करतो, तर पेटीच्या दारात एक जाळी बसवतो. तिची भोकं सुमारे पाच मिलिमीटरची. माशी आत जाऊ शकते, पण अंग चोरून जावं लागतं आणि त्यात पायावरची गोळी निसटून खालच्या ट्रेमध्ये पडते. सगळ्याच गोळ्या पडत नाहीत, काही आत जातात, आणि जायलाच हव्यात. त्याचं कारण पुढे सांगते.

आता हिशेब करू, मला हिशेबाची आवड आहे. एक गोळी साधारण साडेसात मिलिग्रॅमची. दोन पायांच्या मिळून पंधरा. आपला चहाचा चमचा भरला तर पाच ग्रॅम धरा. म्हणजे एका चमच्यासाठी तीनशेच्या वर फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीत कितीतरी फुलं. पाव किलोची बरणी म्हणजे सोळा हजारांवर फेऱ्या. किंमत जास्त का असते याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं जाहिरातीत आहे.

आणि इथेच दुसरा गैरसमज मोडतो. बरणीवर "हजारो वर्षांची परंपरा" असं छापलेलं असतं. मधाला आहे परंपरा. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितलेत. नागकेशर, कमळाचे केसर हेही औषधात येतात. पण माशीच्या पायावरची गोळी किलोने गोळा करायची तर एकच दार असलेली पेटी हवी आणि त्या दाराला जाळी हवी. हलत्या चौकटींची पेटी आली १८५१ नंतर, अमेरिकेत लँगस्ट्रॉथने ती जुळवली. आपल्याकडे दक्षिणेत तिरुचिरापल्लीचे फादर न्यूटन यांनी सातेरी माशीसाठी लहान पेटी केली, तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आजही तिला न्यूटन पेटी म्हणतात. झाडाच्या ढोलीतल्या किंवा कड्यावरच्या पोळ्यातून असे सुटे दाणे निघत नाहीत. तिथे पराग कप्प्यांमध्ये दाबून भरलेला असतो, आंबलेला. तेव्हा चमच्याने खायचा हा माल विसाव्या शतकातला आहे. नवा असल्याने तो वाईट ठरत नाही, पण जुनेपणाचा दाखला त्याला लावू नये.

भारतात युरोपियन मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजली ती १९६२ साली, हिमाचलमधल्या नगरोटा इथे. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आपली सातेरी माशी आकाराने लहान, वसाहतही लहान, म्हणून बाजारातला बहुतेक पराग मेलिफेराच्या पेट्यांमधला असतो. मोहरीच्या शेतातला पिवळा, सूर्यफुलाचा केशरी. माडाचा परागही माश्यांना आवडतो, माडाला वर्षभर फुलोरा असतो. उलट कन्याकुमारीकडचा मार्तंडमचा मध प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण तिथल्या मधाचा मोठा भाग रबराच्या कोवळ्या पानांच्या देठाशी पाझरणाऱ्या रसापासून येतो, फुलातून नव्हे. म्हणजे रबराच्या हंगामात मध भरपूर आणि पराग तुटपुंजा. "आमच्या मार्तंडमच्या मधाबरोबर तिथलाच पराग" असं कुणी म्हणालं तर मी हसून पुढे जाते.

चमच्यात काय मिळतं

आता पोषण. परागात प्रथिनं असतात, फूल बदललं की प्रमाण बदलतं. अभ्यासकांनी दिलेली मर्यादा दहा ते चाळीस टक्के इतकी सैल आहे. सरासरी वीस-पंचवीस टक्के धरा. कर्बोदकं, थोडी स्निग्धं, ब गटातली काही जीवनसत्त्वं, कॅरोटिनॉइड, फ्लॅव्होनॉइड आणि खनिजं. ऐकायला छान. "पृथ्वीवरचं सगळ्यात परिपूर्ण अन्न" हे वाक्य तिथूनच सुरू होतं. पण आपण खातो किती? चमचाभर. पाच ग्रॅममध्ये प्रथिनं फार तर सव्वा ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यात सात ग्रॅमच्या वर. एका अंड्यात सहा.

लोहाचं बघा, कारण "रक्त वाढतं" हा दावा बायकांना ऐकवला जातो. शंभर ग्रॅम परागात लोह एक मिलिग्रॅमपासून सतरापर्यंत सापडतं. चांगल्यात चांगला माल धरला तरी चमच्यात एक मिलिग्रॅमही भरत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ आहे तिच्या आईने सरकारी दवाखान्यातल्या फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवून ही बरणी विकत घेतलेली मी पाहिली आहे. मला तेव्हा त्या माऊलीचा राग आला नाही, बरणीवरच्या अक्षरांचा आला.

आणि बी-१२. शाकाहारी लोकांना हे सांगून विकतात. बी-१२ वनस्पती बनवत नाहीत. परागातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. ज्यांचं कमी आहे त्यांनी गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं. आमच्या साहुकारपेटेत जैन घरं खूप. त्यांचा प्रश्न वेगळा असतो, "मध आम्ही खात नाही, हे चालेल का?" तो धर्माचा निर्णय, त्यांनी आपल्या गुरूंना विचारावा. मी एवढंच सांगते की हा माल माशीकडूनच काढून घेतलेला असतो आणि त्याला मध लागलेला असतो.

आणखी एक अडचण आहे, ती कमी लोक सांगतात. परागाच्या कणाला बाहेरून फार चिवट कवच असतं. इतकं चिवट की हजारो वर्षांपूर्वीच्या गाळातून पराग ओळखून त्या काळी तिथे कोणती झाडं होती हे शास्त्रज्ञ सांगतात. ते कवच आपल्या पोटात पूर्ण फुटत नाही. आतलं काही झिरपतं, काही तसंच निघून जातं. माश्या यावर उपाय करतात. त्या पराग कप्प्यात दाबून त्यात मध आणि लाळ मिसळतात, वरून मधाचा थर देतात आणि तो आंबवतात. आपण इडलीचं पीठ आंबवतो तसंच म्हणा. दाणे पाण्यात किंवा दुधात रात्रभर भिजवायला सांगतात त्यामागे हाच विचार आहे. थोडा फायदा होत असेल, पण रात्रभराच्या दुधाने पोळ्यातलं काम होत नाही.

मग फायदा काहीच नाही का? नाही, तसं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत परागाचे अर्क सूज कमी करताना, जंतू रोखताना दिसलेत. प्रश्न माणसाचा आहे. १९८२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पोहणाऱ्या किशोरवयीन मुलांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला. सहा आठवडे अर्ध्यांना परागाचा अर्क, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. शारीरिक क्षमतेच्या मोजमापांत दोन गटांत फरक पडला नाही. सर्दी-खोकल्याने बुडालेले दिवस मात्र अर्काच्या गटात कमी होते. गट फार लहान होता, त्यामुळे त्यावर इमारत बांधता येत नाही. तरीही "खेळाडूंची ताकद वाढवणारा" असं जे छापतात त्यांनी हा प्रयोग पूर्ण वाचावा.

२०१५ चा एक जर्मन अभ्यास मला जास्त आवडतो. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या बायकांना अंगातून वाफा येण्याचा त्रास होतो. काहींना मधात पराग मिसळून दिला, काहींना नुसता मध. कल्पना अशी होती की मध म्हणजे काहीच न दिल्यासारखं. दोन्ही गटांत दोनतृतीयांशांहून जास्त बायकांना बरं वाटलं! आता यातून पराग जिंकला की मध, की रोज कुणी विचारपूस करतंय याचाच आधार झाला, तुम्हीच ठरवा.

प्रोस्टेटच्या त्रासावर परागाचा अर्क चालतो, हे मात्र जरा भक्कम आहे. १३९ पुरुषांवर बारा आठवड्यांची चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली आणि वेदना कमी झाल्या. पण तो अर्क माशीचा नाही. तो गवतवर्गातल्या राय वगैरे धान्यांचा, यंत्राने गोळा केलेला, कारखान्यात प्रक्रिया करून ठरावीक मात्रेत आणलेला. त्याचं यश या बरणीच्या नावावर खपवणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिणं.

आमच्या दादाची गोष्ट

आता ती रात्र. माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, पन्नाशीचा. त्याची उमर भट्टीपुढे गेली. गलाईचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात घालून दुसरे धातू काढायचे. त्यात तांबूस तपकिरी धूर निघतो. दहा बाय दहाची खोली, एक पंखा. तो धूर छातीला काय करतो ते आमच्या समाजात घरोघर माहीत आहे, पण धंदा म्हटला की चालायचंच असं म्हणतात. दादाला दम्याचा त्रास होता. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा. शिवाय दिवाळीला गावी गेला की डोळे खाजायचे, शिंका थांबायच्या नाहीत.

त्याला कुणीतरी सांगितलं, पराग खा, ॲलर्जी मुळापासून जाते, पंप सुटतो. पटण्यासारखं तर्कशास्त्रही दिलं. ज्या परागाची ॲलर्जी तोच थोडा थोडा खाल्ला की शरीराला सवय होते. दादाने बाटली आणली आणि रोजचा पंप बंद केला. मला सांगितलं नाही. मी फार्मासिस्ट ना, मी रागावले असते. सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, कारण काउंटरपलीकडच्या माणसाला जे मी शांतपणे समजावते ते घरच्याला ओरडून सांगायची मला सवय होती.

पहिले काही दिवस चिमूटभर घेतला, काही झालं नाही. मग एका संध्याकाळी चमचाभर खाल्ला. दहा-पंधरा मिनिटांत घसा खाजायला लागला, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि छाती आवळली. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. दवाखान्यात मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिल्यावर श्वास सुटला. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं? नवं औषध काही? वहिनी म्हणाल्या, "काही नाही, नेहमीचंच." खोटं नव्हतं बोलत त्या. त्यांच्या हिशेबी पराग औषधही नव्हता आणि जेवणही. मी घरी जाऊन स्वयंपाकघरातला ओटा पाहिला तेव्हा बाटली दिसली.

कोणत्या फुलाच्या परागाने झालं ते कळायला मार्ग नव्हता, बाटलीवर फुलाचं नावच नव्हतं. पण असं होतं हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०१२ साली तीस वर्षांच्या एका बाईची नोंद आली. तिला हंगामी ॲलर्जी होती, खाण्याची किंवा औषधाची कोणतीच नव्हती. पराग घेतल्यावर पापण्या, ओठ, घसा सुजला, श्वास लागला. तातडीच्या उपचाराने ती वाचली, पराग बंद केला आणि पुन्हा तसं झालं नाही.

त्या तर्कशास्त्राचं काय? ॲलर्जी तज्ज्ञ खरोखरच थोडा थोडा पराग देऊन उपचार करतात. पण कोणत्या परागाची ॲलर्जी हे आधी चाचणीने शोधतात, मोजून देतात आणि पहिला डोस आपल्यासमोर बसवून देतात. बरणीत कोणता पराग, किती, हे कुणालाच माहीत नसतं. दुसरं, नाकाला त्रास देणारा पराग बहुतेक वाऱ्यावर उडणारा, हलका, गवतांचा आणि झाडांचा. माशी आणते तो बराचसा चिकट, जड, कीटकांसाठीच बनलेला. म्हणजे फायद्याच्या बाजूने दोन्हींचा मेळ बसत नाही. तोट्याच्या बाजूने मात्र बसतो. गाजरगवत आठवा. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. ते सूर्यफुलाच्या, शेवंतीच्या कुळातलं. ज्याला गाजरगवत सोसत नाही त्याच्या शरीराला सूर्यफुलाचा पराग त्याचाच भाऊ वाटू शकतो. दादाचे दिवाळीतले डोळे मला तेव्हा आठवले.

कायद्याचंही एक वाक्य सांगते. औषध नियमांत अनुसूची जे नावाची यादी आहे. जे आजार बरे करण्याचा दावा औषधाने करायचा नाही असे आजार त्यात आहेत, आणि दमा त्यात आहे. जे औषधालाही म्हणता येत नाही ते दाण्यांना कसं म्हणता येईल?

कुणी अजिबात घेऊ नये

दमा, हंगामी शिंका, माशीच्या डंखाने अंग सुजणं, यातलं काहीही असेल तर नको. चिमटीने करून बघू, हेही नको. आमच्याकडे चिमटीला काही झालं नव्हतं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावा, सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास नाही. लहान मुलांना उंची वाढावी म्हणून देतात, नका देऊ.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन ज्यांना चालू आहे त्यांनी विशेष लक्ष द्या. हृदयाची झडप बदललेले माझ्याकडे कितीतरी लोक येतात. २०१० साली अमेरिकेत एका वृद्ध गृहस्थाची नोंद झाली. महिनोन् महिने त्यांचा आयएनआर नीट होता, रोज पराग सुरू केल्यावर तो सातच्या वर गेला. वॉरफेरिनवाल्यांना या आकड्याची भीती कळेल, इतरांना सांगते, साधारण दोन ते तीन ठेवायचा असतो. त्याच्या वर गेला की आतून रक्तस्राव होऊ शकतो.

आणि वजन कमी करायच्या "पराग कॅप्सूल". यांच्यापासून लांबच राहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ आणि २०१४ साली झी शिउ तांग नावाच्या अशा कॅप्सूलबद्दल इशारे दिले होते, कारण आत सिबुट्रामिन सापडलं. भूक मारणारं हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१० साली बाजारातून गेलं आणि भारताने २०११ साली त्यावर बंदी घातली. पराग खाऊन महिन्यात सहा किलो उतरले, असं कुणी सांगितलं तर पराग सोडून आत काय आहे हा प्रश्न विचारा.

तरी घ्यायचाच असेल

तुम्हाला ॲलर्जी नाही, औषधं चालू नाहीत, दही-फळांवर चमचाभर चव म्हणून हवा आहे, तर घ्या. चव चांगली असते, किंचित कडसर, मातीसारखी. माझी हरकत नाही. फक्त काही गोष्टी बघा.

पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक हवा. पूरक आहार म्हणून विकत असतील तर "औषधी वापरासाठी नाही" असा मजकूर इंग्रजीत छापलेला असला पाहिजे. तो बारीक अक्षरात मागे असतो आणि पुढे मोठ्या अक्षरात आजारांची यादी, अशी पाकिटं मी परत ठेवते. फुलाचं नाव, जिल्हा, काढल्याचा महिना दिला असेल तर तो मधपाळ स्वतःच्या मालाला ओळखतो असं समजा.

ताज्या परागात पाण्याचा अंश वीस ते तीस टक्के. तो चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आत वाळवून आठ टक्क्यांखाली आणावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. चेन्नईच्या दमट हवेत सुटा, उघड्या पोत्यातला पराग घेणं म्हणजे बुरशी विकत घेणं. दाणे सुटे, खळखळणारे हवेत. एकमेकांना चिकटलेले, ओलसर, आंबूस वासाचे नकोत. आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा.

फवारणीचाही विचार करा. मोहरी असो की सूर्यफूल, माशी शेतातलं कीटकनाशकही परागासोबत आणते. शिवाय काही रानफुलांच्या परागात यकृताला अपायकारक अल्कलॉइड असतात. युरोपने त्यासाठी जुलै २०२२ पासून परागाच्या पूरक आहारावर किलोमागे ५०० मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली आहे. म्हणून "जंगलातला" हा शब्द वाचून लगेच भुलू नका.

एका मधपाळ श्रोत्याने विचारलं आहे, "ताई, तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय का?" तसं नाही दादा. २०२० साली केंद्राने मधमाशीपालनासाठी ५०० कोटींचं अभियान मंजूर केलं, त्यात परागाकडेही जोड उत्पन्न म्हणून पाहिलं आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते आपल्या सर्वांना कौतुकाचं आहे. पराग विका, नाव-गाव लिहून विका, ॲलर्जीचा इशारा मोठ्या अक्षरात छापून विका. आणि जाळीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पराग म्हणजे अळ्यांचं दूध-भाकरी. मेलिफेराच्या मोठ्या वसाहतीला वर्षाला वीस किलोच्या पुढे पराग लागतो. जाळी सतत लावून ठेवली की पिल्लं उपाशी राहतात, म्हणून जाणकार ती दोन-चार दिवस लावतात आणि काढतात. दक्षिणेत १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड रोगाने सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या झालेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. अशक्त वसाहतीला रोग सोसत नाही.

दादाबद्दल तुम्ही विचाराल. तो बरा आहे, पंप पुन्हा सुरू आहे. भट्टीच्या खोलीत त्याने धूर बाहेर ओढणारा पंखा आणि नळकांडं बसवलं, त्याचा खर्च त्या परागाच्या बाटल्यांपेक्षा जास्त झाला. छातीच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर ॲलर्जीची चाचणी करून घेतली. वहिनींनी उरलेली बाटली फेकली नाही, मला आणून दिली. ती काउंटरखाली ठेवली आहे. कुणी ते दाणे मागायला आलं की मी ती वर काढते आणि आधी विचारते, शिंका येतात का, पंप ओढता का, रक्ताची गोळी चालू आहे का?

पुढच्या भागात रॉयल जेली. त्याबद्दलचे प्रश्न पाठवून ठेवा, आणि औषधं चालू असतील तर त्यांची नावं नक्की लिहा.